चार ते सव्वापाच

मी गोंधळणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. कंट्रोल पॅनलची ड्रॉइंग तपासते मी, गेली अकरा वर्षं, घरी बसून. कारखान्यात ते पत्र्याचं कपाट असतं ना, दार उघडलं की आत रंगीबेरंगी वायरींचं रान दिसतं, त्यातली कुठली वायर कुठून निघाली आणि कुठे गेली याचं ते ड्रॉइंग. काढतं आता यंत्रच. पण खाली सही माणसाची लागते, कारण उद्या आग लागली तर यंत्राला कोर्टात उभं करता येत नाही. तर ती सही माझी. वृंदा हेमंत देवरे, सातपूर, नाशिक. एवढ्या वायरींतून वाट काढणारी बाई एका रेषेपुढे हात टेकेल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

घरून काम करणं म्हणजे लोकांना वाटतं, काय मजा आहे बुवा! मजा कसली डोंबलाची. शिस्त नसेल तर काम घर खातं आणि घर काम खातं. माझी शिस्त अशी की रोज सकाळी साडेआठला मी चपला घालते, पुढच्या दाराने बाहेर पडते, बिल्डिंगला एक चक्कर मारते आणि मागच्या गॅलरीच्या दाराने माझ्या कामाच्या खोलीत शिरते. झालं, पोचले ऑफिसला. चार वाजता उलटी फेरी. पहिल्या वर्षी वॉचमन हसायचा, आता माझ्यावर घड्याळ लावतो. कामाच्या खोलीत भाजी निवडायची नाही आणि स्वयंपाकघरात कंपनीचा फोन घ्यायचा नाही. अकरा वर्षं टिकले ती यावर.

घरात आम्ही दोघंच. हेमंत, माझा नवरा, जहाजावर इंजिनिअर. वर्षातले आठ महिने समुद्रावर. म्हणून उरलो मी आणि अण्णा, माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले. स्टँडवरचा तो माइक अजून त्यांच्या गळ्यातून गेलेला नाही. मी चारला पुढच्या दारातून आत आले की आतून घोषणा होणारच. "सातपूरहून येणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे. चार वाजताची चहाची गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे!" मग चहा, आणि चहानंतर सव्वापाचपर्यंत आमचा कॅरम. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हापासून एक दिवस चुकला नाही.

आता त्या रेषेचं, म्हणजे ती काढणाऱ्या टिकलीचं सांगते.

सोप्या शब्दांत सांगते, मला समजलं तसं. आपण डोकं लावून काम करतो तेव्हा कपाळामागच्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात. त्यासाठी त्या ग्लुटामेट नावाचं द्रव्य वापरतात. काम अवघड असेल, सतत ठरवावं लागत असेल, मनाला आवर घालावा लागत असेल, तर ते द्रव्य पेशींच्या मधल्या फटींत साचत जातं. साचलं की मेंदू सोपी वाट धरतो, "चालेल गं एवढं" म्हणायला लागतो. विश्रांती घेतली की निचरा होतो. टिकली कपाळाला चिकटवायची, साधारण लग्नाकार्यात लावतो त्या टिकलीएवढीच. ती कातडीतून आत न दिसणारा प्रकाश सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून साठा किती झाला याचा अंदाज बांधून फोनवर रेषा काढते. साठा कमी तर रेषा हिरवी, मग पिवळी, फार झाला तर तांबडी. श्रम किती झाले ते टिकलीला कळतं. कशाचे झाले ते कळत नाही. सगळा घोळ तिथेच आहे.

दमलेल्या लोकांनी सह्या केलेल्या ड्रॉइंगमुळे दोन-तीन ठिकाणी आगी लागल्या आणि विमावाले जागे झाले. नियम झाला, की घरून काम करणाऱ्याला लांबचा करार द्यायचा तर त्याची नव्वद दिवसांची रेषा बघायची. काम आठ तासांच्या आत, आणि काम सुटल्यावर रेषा खाली आली पाहिजे. माझ्यापुढे डेन्मार्कच्या एका शीतगृहवाल्या कंपनीचा करार होता. पाच वर्षांचा! आमच्या धंद्यात पुढच्या महिन्याचं काम कुणी सांगत नाही, तिथे पाच वर्षं. आणि नाही मिळाला, तर काय करायचं तेही आमचं ठरलेलं होतं. सुटं काम आटत चाललं होतं, म्हणून मी चाकणच्या कारखान्यात नोकरी धरायची, घर बंद करायचं आणि अण्णांनी जळगावला वन्सांकडे जायचं. वन्सं चांगल्या आहेत, पण अण्णा तिथे तिसऱ्या दिवशी मुकाट होतात, हे मी पाहिलेलं आहे.

मला काळजी नव्हती. माझ्याइतकी शिस्तीची बाई त्यांना कुठे मिळणार?

टिकली लावल्यापासून एक्केचाळिसाव्या दिवशी विमावाल्यांचं पत्र आलं. "आपली रेषा दुपारी चार ते सव्वापाच या वेळात रोज तांबडी होते. या वेळात आपण अन्य कुणासाठी काम करत असल्यास कळवावे. तसे आढळल्यास अर्ज रद्द होईल."

अगंबाई! मी पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदाच रेषा उघडून बघितली. सकाळी साडेआठ ते चार, तीनशे वायरी तपासताना, रेषा पिवळ्यात निवांत चाललेली. चारला मी घरी आले, चहा घेतला, कॅरमला बसले, की लागली चढायला. सव्वापाचला अगदी तांबडी. म्हणजे मला कामाने शीण येत नव्हता, घरी येऊन येत होता?

काही कळेना. आधी चहावर संशय घेतला, साखर बंद केली. रेषा तांबडीच. मग बोर्ड गॅलरीत हलवला, वारा लागेल म्हणून. तरी तांबडीच. घरून काम करणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, तिथे विचारलं, तर तिथे सगळाच आनंद. सिन्नरचे एक गृहस्थ म्हणाले, माझी रेषा मीटिंगमध्ये हिरवी होते आणि मुलाच्या अभ्यासाला बसलो की तांबडी. एक बाई म्हणाल्या, माझी माहेरी गेले की तांबडी होते, आता हे आईला कसं सांगू?

मग माझ्या मनात ते आलं, आणि एकदा आलं ते जाईना. मला अण्णांचा शीण होतो का? ज्या माणसासाठी मी हा सगळा करार मिळवायचा म्हणते, त्याच्याजवळ बसणं माझ्या डोक्याला काम वाटतं? मी कामाच्या खोलीत दार लावून रडले. स्वतःची लाज वाटली. चारला बाहेर आले तर अण्णा आपले खुशीत, चहाची गाडी लावून बसलेले. त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

सत्तेचाळिसाव्या दिवशी पुण्याहून तपासणी अधिकारी आल्या. निलोफर शेख. तिशीच्या, पाठीला सॅक, बोलणं गोड आणि नजर करवतीसारखी.

"ताई, मी आरोप करायला आलेली नाही," चपला काढता काढता त्या म्हणाल्या. "आरोप रेषेनं केलाय. मी फक्त विचारायला आलेय."

दिवसभर त्या माझ्या खोलीत कोपऱ्यात बसून होत्या. दुपारी त्यांनी एक टिकली अण्णांच्या कपाळालाही लावली. घरातलं दुसरं कुणी आपल्या नावावर काम करतं का, हे बघायची तशी रीत आहे म्हणे.

"मला टिकली?" अण्णा म्हणाले. "हळदीकुंकवाला बोलावणार असाल तर आधी सांगा, नवीन धोतर काढतो."

चारला आम्ही बोर्डावर बसलो. निलोफर मॅडम बाजूच्या खुर्चीत, मांडीवर टॅबचा पडदा, त्यावर दोन रेषा. माझी आणि अण्णांची. दोन्ही बरोबरीने चढायला लागल्या. त्या एकदा पडद्याकडे बघत, एकदा बोर्डाकडे. चाळीस मिनिटं झाली. बोर्डावर अजून चौदा सोंगट्या होत्या.

"मी कॉलेजात कॅरम खेळायचे," त्या अखेर म्हणाल्या. "भोकांच्या तोंडाशी एवढी गर्दी मी जन्मात बघितली नाही. काका, ताई, राग मानू नका. तुम्ही दोघंही मुद्दाम चुकताय."

आता मला कबूल केलं पाहिजे, की हे मी तुमच्यापासूनही लपवलं. मी मुद्दामच चुकत होते. सासूबाई गेल्यावर अण्णा बोलेनात, जेवेनात. हेमंतचा जुना कॅरम माळ्यावरून काढला, पहिल्या दिवशी मी हरले आणि त्या रात्री अण्णांनी दुसरी पोळी मागून घेतली. मग मी हरतच राहिले. चार वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं, की ते श्रमात धरायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. पण दोघंही?

"अण्णा, तुम्ही?" मी म्हटलं.

"आणि तू गं?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून!"

"मग मी काय माझ्या हौसेनं? दिवसभर वायरी बघून डोळे फुटतात तुझे. म्हटलं, पोरगी जिंकली तर जरा उल्हास वाटेल." आणि मग जरा घाईनेच ते निलोफर मॅडमकडे वळले. "हो हो, मुद्दाम! मुद्दामच चुकतो मी. बरोबर ओळखलंत."

"सोंगटी भोकात घालणं सोपं असतं," मॅडम म्हणाल्या. "नेमकी काठावर आणून थांबवायची, तीही समोरच्याला कळू न देता, याला त्या ड्रॉइंगपेक्षा जास्त डोकं लागतं. तुम्ही दोघं चार वर्षं ओव्हरटाइम करताय, बिनपगारी."

आम्ही हसलो! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मला अण्णांचा शीण होत नव्हता. मला खोटं खेळायचा शीण होत होता. किती साधं!

जाताना मॅडम म्हणाल्या, "आता खरं खेळा. पुढचे त्रेचाळीस दिवस नीट गेले तर करार तुमचा. मात्र काकांची टिकली तोवर राहील. त्यांची रेषा अशीच तांबडी राहिली, तर तुमचं काम ते करतात असं कंपनी धरते."

दुसऱ्या दिवशी खरा डाव. मी बारा मिनिटांत जिंकले. पुन्हा मांडला, पुन्हा जिंकले. माझी रेषा भराभर खाली, हिरवीगार. अण्णा म्हणाले, "वा, शाब्बास!" त्यांची रेषा बघितली. तांबडी. आदल्या दिवसापेक्षाही वर.

म्हटलं, सवय आहे, एक-दोन दिवस जातील. तिसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी राणी अगदी भोकाशी, नुसतं ढकलायचं काम, आणि अण्णांनी स्ट्रायकर भलतीकडेच मारला. माझं डोकं सटकलं.

"अण्णा, पुन्हा मुद्दाम?"

त्यांनी स्ट्रायकर उचलून धोतराला पुसला.

"मी विचारतेय, पुन्हा मुद्दाम?"

"हो," ते म्हणाले. "मुद्दाम."

"कशासाठी पण? आपलं ठरलं ना? त्या कंपनीला वाटेल तुम्ही माझी ड्रॉइंग तपासता. माझ्या करारावर पाणी फिरवायचंय का तुम्हाला? जळगावला जायचंय?"

बोलून गेले. अण्णा उठले, आणि सोंगट्या तशाच टाकून आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी चारला मी घरी आले तर चहाची घोषणा नाही. किटलीत चहा झाकून ठेवलेला, अण्णा पेपर तोंडापुढे धरून बसलेले. मीही फुगून बसले. आम्ही कॅरम बंद केला. म्हटलं, तेवढं तरी बरं, आता रेषा उतरतील. कसल्या उतरतात! ते बाहेरच्या खोलीत एकटे बसलेत या विचाराने माझी चढायची. आता खोटं खेळणं नाही, खरं खेळणं नाही, खेळच नाही, तरी मी तांबडी. माझ्या डोक्याचं पार भजं झालं.

शेवटी मी जे करते तेच केलं. ड्रॉइंग तपासावं तसं अण्णांची रेषा पडद्यावर मोठी करून घेतली. पॅनलमध्ये बिघाड असला की आम्ही आधी बघतो, तो पुरवठ्यात आहे की पुढे मोटारीकडे जाणाऱ्या वायरीत. निलोफर मॅडम आल्या त्या दिवशी अण्णांची रेषा प्रत्येक फटक्याच्या आधी चढत होती. ते बेत करत होते ना, कसं चुकायचं त्याचा. खऱ्या खेळाच्या दिवसांत मात्र आधी काहीच नव्हतं. बोट स्ट्रायकरला लागलं, की रेषा सरळ वर. आणि फटका बसला की लगेच खाली.

म्हणजे बेत नव्हता. चुकायचा विचारच नव्हता. बोट हलवण्यातच सगळे श्रम होते.

मी खुर्चीतून उठले, तीन वाजले होते, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा चक्कर न मारता आतल्या दाराने सरळ घरात गेले. अण्णा दचकले. "अजून सुटायचं आहे ना तुझं?" मी स्वयंपाकघरात गेले. चहा केला, कप काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या अण्णा."

त्यांनी कपाकडे बघितलं. "निवू दे जरा."

आम्ही बसून राहिलो. वाफ थांबली.

"निवला," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. मग हळूच म्हणाले, "वृंदा, तो कप अर्धा करून आण."

मी स्वयंपाकघरात गेले, अर्धा चहा मोरीत ओतला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर ते थरथरणारा हात लपवत होते, वर्षभर. स्वतः चहा करायचे ते एवढ्यासाठीच, की कपात किती ओतायचा ते त्यांच्या हातात राहावं. आणि मी तीनशे वायरींतलं एक तुटकं टोक शोधणारी हुशार बाई!

"वर्ष झालं," मी परत आल्यावर ते म्हणाले. "आधी दाढी करताना कळलं. मग बोर्डावर. खऱ्या चुका दिसू नयेत म्हणून मी मधेमधे मुद्दाम चुकायला लागलो. म्हणजे वाटावं, म्हातारा सुनेला जिंकवतोय."

"कुणाला वाटावं? मला तर काहीच वाटत नव्हतं!"

"मला वाटावं गं," अण्णा म्हणाले.

मला रडू आवरेना. ते म्हणत राहिले, "अगं, डाव हरलोय मी, मेलेलो नाही," आणि स्वतःच डोळे पुसत राहिले.

मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. सुरुवात आहे, औषधांनी बरीच वर्षं नीट जातील. पण हळूहळू बटणं, घास, पायऱ्या, सगळ्याला कुणीतरी लागेल. बोटांचा खेळ चालू ठेवा, असंही म्हणाले. म्हणून कॅरम पुन्हा मांडला. आता अण्णा खरंच चुकायचे आणि मी खरंच थांबायचे. माझी रेषा पिवळ्यात. त्यांची तांबडी.

नव्वद दिवस भरले, शेवटचा फॉर्म आला. त्यात एक ओळ. "घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या रेषेचे कारण द्या. ती व्यक्ती आपल्या काळजीवर अवलंबून आहे काय?"

"लिही, म्हातारा शब्दकोडी सोडवतो," अण्णा ताबडतोब म्हणाले. "कोण बघायला येतंय? खाली लिही, नाही."

मी निलोफर मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

"ताई, हे मला अधिकृत सांगताय की सहज?"

"सहज."

"मग सहज ऐका. काळजीचे तास लिहिले की कंपनी ते कामात धरते. तेवढी ड्रॉइंग कमी. म्हणजे झाला तर अर्धा करार. आजवर सात जणांनी लिहिले, दोघांना अर्धा मिळाला. पाच जणांना काहीच नाही."

"आणि नाही लिहिले तर?"

"तर पूर्ण करार. वर्षभराने काकांचं वाढेल, तुमची रेषा वर जाईल, मी पुन्हा येईन आणि पुन्हा विचारीन. तेव्हा सहज नसेल."

दोन दिवस मी तो फॉर्म उघडत होते आणि मिटत होते. खरं सांगते, मला काही सुधरत नव्हतं. एक तर असं, की मी होय लिहून सगळंच घालवलं, तर अण्णा जळगावला. म्हणजे त्यांच्यासाठी खरं बोलून त्यांनाच घालवायचं. आणि दुसरं त्याहून वाईट. होय लिहायचं म्हणजे चार ते सव्वापाच हे माझं काम आहे असं माझ्या हाताने लिहायचं. आणि ते नव्हतं का? पहिल्या दिवसापासून होतं. मी हरत होते तेव्हाही होतं. मग घर कुठे संपतं आणि काम कुठे सुरू होतं? बिल्डिंगला चक्कर मारून मी अकरा वर्षं कुणाला फसवत होते?

तिसऱ्या दिवशी मी "होय" लिहिलं आणि पाठवलं. अण्णांना सांगितलं नाही. जहाजावरून हेमंतचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "वृंदा, माझे बाबा आहेत ते. सांभाळायचं मी, आणि हिशेब तुझ्या कपाळावर." मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. त्यालाही तिथे काही कळत नव्हतं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. अर्धा करार. पाच वर्षांचा! मी मागच्या गॅलरीत एकटीच नाचले. चाकण गेलं खड्ड्यात, जळगाव टळलं. जरा ओढाताण होईल, पण घर राहील. मग खालची अट वाचली. "कामात धरायचे काळजीचे रोजचे तास भरून, ज्या व्यक्तीची काळजी घेतली जाते तिच्या संमतीची सही जोडावी. सही नसल्यास करार होणार नाही."

कागद छापून घेतला आणि चारला अण्णांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं, वरपासून खालपर्यंत. मग चष्मा काढला.

"तू होय लिहिलंस."

"हो."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर तुम्ही शब्दकोडी म्हणाला असतात."

"इथे लिहिलंय, काम." त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं, पण त्यांनी ते लपवलं नाही. "एसटीत मी बत्तीस वर्षं काढली. रोज हजार माणसं गाडीत घातली, कुणावर भार झालो नाही. आणि आता मी तुझं काम? ड्रॉइंग झालं, भांडी झाली, आता म्हातारा? मी नाही सही करायचा. जातो मी जळगावला."

"जा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "जा ना! तिथे तुम्हाला कुणी काम म्हणणार नाही. कारण तिथे तुमच्याकडे बघायला कुणाला वेळच नाही."

"वृंदा!"

"नाही, ऐका आता. काम म्हणजे वाईट असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी अकरा वर्षं काम करतेय. लोक म्हणाले नोकरी कर, घरी बसून काय होतं. मी नाही ऐकलं. ताप असताना केलंय, दिवाळीत केलंय, रडत केलंय. का? मला कुणी मारून मुटकून बसवलं होतं?" मला धाप लागली. "मला माझं काम आवडतं, अण्णा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला म्हणायचं होतं ते एवढंच होतं.

शेवटी त्यांनी हात पुढे केला. मी पेन दिलं. सही करायला त्यांना फार वेळ लागला. अक्षरं वेडीवाकडी होत होती, मध्ये थांबून ते पुन्हा पेन टेकवायचे. मी हात धरला नाही. मग त्यांनी पुन्हा चष्मा लावला, आणि मी भरलेला तासांचा रकाना अगदी जवळ धरून वाचला.

"सव्वाच तास?" ते म्हणाले. "दीड लिही. मला आता वेळ लागतो."